मदत हवी आहे : जहांगीरमधल्या जुन्या चित्रप्रदर्शनाच्या कॅटलॉगचं साल कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी. आजोबांच्या ट्रंकेत जहांगीर आर्ट गॅलरीतल्या एका समूह प्रदर्शनाचा आठ पानी कॅटलॉग सापडलाय. तारीख आणि वार छापलाय, साल मात्र नाही! मागे किंमत 'आठ आणे'. गॅलरी १९५२ची आणि नवे पैसे आले १९५७ला, म्हणजे बहुधा मधल्या पाच वर्षांतला. (आणे पुढेही काही काळ चालले, तेव्हा खात्री नाही.) तारीख-वाराचा मेळ घातला तर दोन सालं उरतात, तिथेच अडलोय.

त्या काळातले मुंबईतल्या प्रदर्शनांचे कॅटलॉग किंवा वर्तमानपत्रांतली परीक्षणं कुठे बघायला मिळतील? एशियाटिक सोसायटीच्या मुंबईतल्या ग्रंथालयात कुणी अशी जुनी कात्रणं शोधली आहेत का? १९४७च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपमधल्या (मुंबईतल्या आधुनिक चित्रकारांचा गट) चित्रकार गाडे आणि शिल्पकार बाकरे यांच्यावर मराठीत काही वाचनीय असेल तर तेही सांगा. हुसेन-रझांवर ढिगाने मिळतं, अमरावतीकडच्या गाडेंवर चार ओळी मिळतानाही मारामार.

आणखी एक. पिना गंजून पानांवर तांबूस डाग पडलेत, कागद घडीवर तुटतोय. पिना मीच काढू की जाणत्या माणसाकडे देऊ? बायको लॅमिनेशन कर म्हणतेय, मी अजून हो म्हटलेलं नाही.