सिक्स नेशन्स: एकाच स्पर्धेत इतके चषक कशाला?

प्रश्न
यंदापासून सिक्स नेशन्स, म्हणजे सहा युरोपीय देशांची दरवर्षीची रग्बी स्पर्धा, बघायला लागलोय. विजेता एकच, मग मधल्याच एखाद्या सामन्यानंतर खेळाडू वेगळाच चषक उंचावतात, ते काय असतं? स्कॉटलंडचे लोक तर गुणतक्त्यात मागे असूनही स्पर्धा जिंकल्यासारखे नाचत होते.

उत्तर १
नाचणारच! तो कलकत्ता कप असणार. स्कॉटलंड-इंग्लंड सामन्याचा चषक, आणि माझ्या मते अख्ख्या स्पर्धेतली सगळ्यात देखणी वस्तू. कलकत्त्यातला रग्बी क्लब 1870च्या दशकात बंद पडला. सभासदांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, ते वितळवून हा चषक घडवला आणि इंग्लंडच्या रग्बी संघटनेला दिला. तीन कड्या म्हणजे तीन नाग, झाकणावर हत्ती. 1879 पासून त्यासाठी लढत आहे, आणि पहिलाच सामना बरोबरीत सुटला होता.

सामना बरोबरीत सुटला तर चषक ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतो. 2019चा ट्विकनहॅमचा, म्हणजे इंग्लंडच्या लंडनमधल्या मैदानावरचा सामना मिळवून बघाच. स्कॉटलंड 31-0 ने मागे. तिथून त्यांनी 38-31 अशी आघाडी घेतली! शेवटच्या क्षणी इंग्लंडने 38-38 केलं, पण आदल्या वर्षी स्कॉटलंड जिंकलेलं असल्याने कप एडिनबरालाच गेला. 2000 साली इटली येऊन सहा संघ झाले, तेव्हापासून स्कॉटलंडने स्पर्धा जिंकलेली नाही. त्यांच्या चाहत्यांचं वर्ष या एका दुपारी ठरतं.

उत्तर २
वरच्या उत्तरात इटलीचा नुसता उल्लेख आलाय, म्हणून लिहितो. फ्रान्स-इटली सामन्याला गॅरिबाल्डीच्या नावाचा चषक आहे. इटली एक करणारा हा माणूस जन्मला नीसमध्ये, जे आज फ्रान्समध्ये आहे. पण मला जवळचा कुत्तित्ता कप. मासिमो कुत्तित्ता इटलीचा प्रॉप (स्क्रमच्या पुढच्या रांगेतला खेळाडू), पुढे स्कॉटलंडचा स्क्रम, म्हणजे दोन्ही संघ एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटारेटी करतात त्याचा, प्रशिक्षक. 2021 मध्ये कोविडने गेला. दोन्ही देशांनी त्याच्या नावाने 2022 पासून चषक सुरू केला. इटलीने तो पहिल्यांदा 2024 मध्ये रोममध्ये जिंकला, 31-29. कुठल्याही विजेतेपदाएवढा आनंद झाला मला.

प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. ट्रिपल क्राउन आणि ग्रँड स्लॅम म्हणजे हेच का?

उत्तर १
नाही, ते वेगळं. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड यांच्यापैकी एकाने उरलेल्या तिघांना हरवलं की ट्रिपल क्राउन. हा मान फार जुना, पण त्याचा चषक, खरं तर चांदीचं ताट, 2006 पासूनच देतात. पाचही सामने जिंकले की ग्रँड स्लॅम, आणि त्याचे तीन जादा गुण. ते नसते तर चार सामने जिंकून बोनस गुण (चार किंवा जास्त ट्राय केले, किंवा सात वा कमी गुणांनी हरलं, तर मिळणारा जादा गुण) गोळा करणारा संघ पाचही जिंकणाऱ्याच्या पुढे जाऊ शकला असता, आणि ते मला तरी अजिबात पटलं नसतं.