शब्दचर्चा : गिटारच्या पेडलमधले डिले, पिच आणि लूप यांना मराठीत काय म्हणायचे?

कोरी_वही

गिटारच्या वर्गासाठी पेडल (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने चालवायचे यंत्र) वापरण्याच्या सूचना मराठीत लिहायच्या आहेत, एक पानभर. पेडल एकच, कप्पे तीन : वेळेचे परिणाम (डिले, इको, रिव्हर्ब), स्वर वरखाली करणारे (पिच शिफ्ट, ऑक्टेव्ह, हार्मनी) आणि लूपर (वाजवलेला तुकडा भरून घेऊन तोच पुन्हापुन्हा वाजवणारा). मुले नागपूरचीच, निम्मी हार्मोनियम किंवा तबल्यावरून गिटारकडे आलेली. माझे कच्चे शब्द असे : डिले = विलंब, इको = प्रतिध्वनी, रिव्हर्ब = अनुनाद, फीडबॅक = परतावा, पिच = स्वरमान, लूप = फास. वाचून पाहिले तर सरकारी परिपत्रक वाटते. काय ठेवू, काय काढू?

बर्डीवाला

'फास' आधी काढा जी. मुलांच्या हातात द्यायचा कागद आहे.

आणि 'विलंब' काहून आणून राहिले? बर्डीवर वाद्यांच्या दुकानात 'विलंब पेडल दाखवा' म्हणाल तर दुकानदाराला वाटेल, माल उशिरा आला म्हणून तक्रार करून राहिले.

कानसेन

'विलंब'मध्ये गंमत नाही, खरी अडचण आहे. तबल्यावरून आलेल्या मुलाच्या कानात 'विलंबित' आधीच बसलेले असते. 'विलंब वाढवा' लिहिले की तो लय उतरवेल. डिले लयीला हात लावत नाही. वाजलेला स्वर तो धरून ठेवतो आणि मोजून तितक्या मिलिसेकंदांनी पुन्हा ऐकवतो. मूळ स्वर जिथल्या तिथे, वेळेवरच वाजतो. तेव्हा 'डिले' तसाच राहू द्या.

'अनुनाद' तर चूकच आहे. एक तार छेडल्यावर त्याच स्वरात लावलेली दुसरी तार आपोआप बोलते, तो अनुनाद. सतारीच्या तरफा अनुनादावर चालतात. रिव्हर्बला शाळेच्या विज्ञानात 'निनाद' हा शब्द आहे आणि तो चांगला आहे. डग्ग्याचा असतो तसा 'घुमारा' म्हटले तरी मुलांना लगेच कळेल, फक्त घुमारा वाद्याचा आणि निनाद खोलीचा, एवढा फरक ध्यानात असू द्या.

मिक्सरवाला

स्टेजवर काय बोलतात तेही लिहून ठेवा. माइकवाल्यांच्या भाषेत सगळेच 'इको'. 'माइकवर थोडा इको टाक' म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा डिले आणि रिव्हर्ब दोन्ही मिसळून हवे असतात. गिटारवाल्याने साउंडवाल्याला नुसते 'इको दे' सांगितले तर पेडलचा डिले आणि मिक्सरचा डिले एकमेकांवर चढतात, दोघांच्या वेळा जुळत नाहीत आणि साऱ्याचा चिखल होतो. सुरेश भट सभागृहासारख्या मोठ्या जागेत सभागृहाचा स्वतःचा निनाद असतोच. तिथे पेडलचा रिव्हर्ब घरी ठेवता त्याच्या निम्म्यावर आणावा, आणि मिक्सरवर गिटारची पट्टी कोरडी, म्हणजे इको-रिव्हर्ब न टाकता, ठेवायला सांगावे.

('पट्टी' म्हणजे इथे मिक्सरची उभी पट्टी. हा शब्द पुढे पिचला लागणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो.)

कानसेन

इको आणि रिव्हर्बमधला फरक आकड्यांनीच सांगावा. कानात गेलेल्या ध्वनीची जाणीव साधारण ०.१ सेकंद टिकते. त्यानंतर परतलेला आवाज वेगळा ऐकू येतो, तो प्रतिध्वनी. २२ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर, म्हणून भिंत किमान १७.२ मीटरवर हवी. (आपल्या मे महिन्यात ४५ अंशांना वेग ३५९च्या आसपास जातो, म्हणजे नागपूरकरांनी भिंत आणखी पाऊण मीटर मागे सरकवावी!) त्याहून लवकर आणि असंख्य परावर्तने आली की ती सुटी ऐकू येत नाहीत, एकच लांबलेली शेपटी ऐकू येते, तो निनाद. गिटारचा आघात टोकदार असल्यामुळे पेडलवर ८० ते १२० मिलिसेकंदांची एकच पुनरावृत्ती 'टक-टक' अशी सुटी कळते. ३० मिलिसेकंदांच्या आत आणली की स्वर नुसता जाड होतो.

शब्दांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. टेपवर चालणारी जुनी यंत्रे 'इको' नावाने विकली जात, १९५९चा इकोप्लेक्स, १९७४चा रोलँडचा स्पेस इको. पुढे चिपवरची छोटी पेडल आली त्यांच्यावर 'डिले' लिहिलेले : बॉसचे डीएम-२ १९८१चे, आणि डिजिटल डीडी-२ १९८३चे, त्यात जास्तीत जास्त ८०० मिलिसेकंद. काम तेच, पाटी बदलली.

सहा_तारा

डिलेच्या तीन खुंट्यांपुरते (पेडलवरच्या फिरवायच्या बटणांपुरते) लिहितो.

टाइम. यासाठी 'मात्रा' हा आपला शब्द सोडू नका. ६०,०००ला मिनिटाच्या मात्रांनी भागा, एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. मिनिटाला १०० मात्रा असतील तर ६००. अर्धी मात्रा ३००, पाऊण मात्रा ४५०. इंग्रजी पुस्तकात जिला डॉटेड एट्थ म्हणतात ती हीच पाऊण मात्रा. 'टिंबवाली अष्टमांश' वगैरे लिहायच्या फंदात पडू नका. मुलांना असे सांगा : हाताने दुगुन (मात्रेला दोन आघात) वाजवा, डिले पाऊण मात्रेवर ठेवा, कानाला चौगुन (मात्रेला चार) ऐकू येईल. दुगुनीचे आघात ०, अर्धा, एक, दीड इथे पडतात. त्यांच्या पुनरावृत्त्या पाऊण, सव्वा, पावणेदोन इथे, म्हणजे बरोबर मधल्या फटींत. यासाठी पुनरावृत्तीचा आवाज मूळ स्वराच्या जवळपास ठेवावा लागतो, नाहीतर चौगुन लंगडी वाटते. पायाने टॅप करून वेळ द्यायची असेल तर टॅप पूर्ण मात्रेवर करा आणि पाऊणचा भाग पेडलच्या सेटिंगमधून निवडा. पाऊण मात्रेवर पाय मारायला गेलात तर हात हमखास चुकतो.

फीडबॅक. 'परतावा' वाचून विम्याची पॉलिसी आठवते. बाहेर पडलेल्या आवाजाचा किती भाग पुन्हा आत सोडायचा, ते ही खुंटी ठरवते. निम्म्यावर असेल तर प्रत्येक फेरी आधीच्या निम्मी, चौथी फेरी पहिलीच्या आठव्या हिश्श्यावर. काही पेडलवर हिलाच 'रिपीट' लिहितात. मराठीत 'फेऱ्या' लिहा, मुलांना नेमके तेच ऐकू येते.

मिक्स. मूळ स्वर किती आणि पुनरावृत्ती किती, ते ही ठरवते. 'प्रमाण' चालेल.

मिक्सरवाला

फीडबॅक शब्दाला माझी वेगळी हरकत. आमच्याकडे फीडबॅक म्हणजे स्पीकरची शिटी. मुले घाबरून ती खुंटी शून्यावर ठेवतात.

सहा_तारा

शिटी आणि ही खुंटी सख्खी भावंडेच आहेत. बाहेरचा आवाज परत आत जातो आणि दर फेरीला वाढतो, म्हणून माइक शिटी मारतो. डिलेची खुंटीही शेवटाला नेली तर फेऱ्या विरायच्या थांबतात आणि आवाज चढत जाऊन अंगावर येतो. तेव्हा घाबरून टाइमची खुंटी फिरवू नये. टेपच्या आणि जुन्या चिपच्या डिलेत टाइम फिरवला की अडकलेला स्वर मींड घेतल्यासारखा वरखाली घसरतो आणि गोंधळ वाढतो. आधी फेऱ्या कमी करा.

काळी_चार

पिचला 'स्वरमान' नको. पेटीवाली मुले 'पट्टी' म्हणतात, 'काळी एकची पट्टी', 'पांढरी चारने गा'. पिच शिफ्ट म्हणजे सरळ 'पट्टी बदलणे'. काळी एकवरून पांढरी चार म्हणजे (काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजून) चार घरे वर, पेडलवर अधिक चार. ऑक्टेव्हला 'सप्तक' आहेच. अधिक बारा म्हणजे वरचे सप्तक, उणे बारा म्हणजे खालचे.

हार्मनीचा शब्द मात्र जपून वापरा. 'पट्टी बदलणे' आणि 'जोडस्वर देणे' ही दोन वेगळी कामे आहेत, आणि मुलांचा सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पेडल अधिक चारवर ठेवले आणि सगळे शुद्ध स्वर वाजवले तर काय होते बघा. सा वाजवला, सोबत शुद्ध गंधार आला, छान. रे वाजवला, सोबत तीव्र मध्यम. ग वाजवला, कोमल धैवत. म आणि प पुन्हा ठीक, ध आणि नी परत बिघडले, एकाला कोमल रिषभ, दुसऱ्याला कोमल गंधार. सातांपैकी चार स्वर बेसूर सोबत घेऊन येतात. मुलगा म्हणतो पेडल खराब. पेडल ठीक आहे, ते सांगितल्याप्रमाणे प्रत्येक वेळी चारच घरे मोजते. रागाचे किंवा सप्तकाचे स्वर ओळखून कधी चार, कधी तीन घरे मोजणारे काम वेगळ्या सेटिंगवर असते, आणि त्याला आधी 'सा' कोणता ते सांगावे लागते. म्हणून पहिल्याला 'ठरावीक अंतर', दुसऱ्याला 'स्वर पाहून अंतर' लिहा. अवघडच वाटत असेल तर पंचमावर, म्हणजे अधिक सातवर ठेवायला सांगा. शुद्ध सप्तकात एकट्या नीचाच पंचम बिघडतो, बाकी सहा सुरात राहतात.

सहा_तारा

यात एक भर. स्वर पाहून अंतर देणाऱ्या पेडलला एका वेळी एकच तार द्या. कॉर्ड दिली की बऱ्याच पेडलना कोणता स्वर धरायचा ते कळत नाही आणि आवाज थरथरतो. जाड तारेवर उत्तर उशिरा येते तेही साहजिक आहे. मोकळी जाड 'ई' सेकंदाला ८२ वेळा कंप पावते, एका कंपालाच १२ मिलिसेकंद लागतात. पेडलला स्वर ओळखायला निदान एकदोन कंप तरी ऐकावे लागतात. बारीक 'ई'ला तेच काम ३ मिलिसेकंदांत होते. आणि हे पेडल डिस्टॉर्शनच्या (आवाज खरखरीत करणाऱ्या परिणामाच्या) आधी, डिले डिस्टॉर्शनच्या नंतर. उलट लावले तर डिस्टॉर्शन डिलेच्या सगळ्या फेऱ्या एकत्र दळून काढते.

ना_धिं_धिं_ना

लूपला 'आवर्तन' (तालाची एक पूर्ण फेरी) सोडून दुसरा शब्द शोधूच नका. आपल्याकडे लूपर पूर्वीपासून आहे, त्याला लेहरा म्हणतात. एकल तबल्यामागे पेटी किंवा सारंगी एकच धून आवर्तनामागून आवर्तन वाजवत राहते, हे पेडल तेच करते.

कानसेन

लेहऱ्याचे उदाहरण पानावर घ्याच. पण लूप म्हणजे आवर्तन नव्हे. आठ मात्रांच्या केरव्याची चार आवर्तने मिळून एक लूप असू शकतो. यंत्र 'लूपर', भरलेला तुकडा 'लूप', त्याची लांबी 'आवर्तनांत'. 'चार आवर्तनांचा लूप भरा' यात कुठेच अडत नाही.

ना_धिं_धिं_ना

मान्य. मग पायरीवार लिहा. आधी एक आवर्तन नुसते वाजवा, पाय लावू नका. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर (पहिल्या मात्रेवर) पाय मारा, भरणे सुरू. पुढच्या समेवर पुन्हा पाय मारा, भरलेले वाजू लागते. आधीचे एक आवर्तन वाजवून घ्यायचे कारण असे की शेवटच्या आघाताची आस (मागे रेंगाळणारा नाद) समेवर सांडत असते. थंड सुरुवातीवरून भरले तर लूपच्या पहिल्या मात्रेत ती आस नसते आणि दर फेरीला सांधा ऐकू येतो.

सगळ्यात मोठी चूक मोजण्यात होते. मूल 'आठ' म्हणते आणि आठवर पाय मारते. केरव्याचा रूपक झाला, सातच मात्रा भरल्या. पाय पडायचा तो आठ संपून येणाऱ्या 'एक'वर. सम म्हणजे लूपचा झिरो माइल, मोजणी तिथूनच. दुसरी चूक बारीक पण जीवघेणी. मिनिटाला १२० मात्रांचा केरवा चार सेकंदांचा. पाय ५० मिलिसेकंद उशिरा पडला तर एकट्याने वाजवताना कळणारही नाही. सोबत तबलजी असेल तर २० आवर्तनांत पूर्ण एक सेकंदाचा, म्हणजे दोन मात्रांचा फरक पडतो. लूप ऐकणार नाही, तबलजीलाच ऐकावे लागेल, म्हणून लूप त्याच्या मॉनिटरमध्ये (त्याच्यासमोरच्या स्पीकरमध्ये) द्या.

कोरी_वही

ओव्हरडबला (भरलेल्या लूपवर आणखी भरण्याला) काय? 'अधिलेखन' लिहिले होते.

बर्डीवाला

थर. 'दुसरा थर चढवा', 'वरचा थर काढा'. थरथराट होऊ देऊ नका म्हणजे झाले. उन्हाळ्यात एक नक्की सांगा : कुलर बंद करून थर भरा. गिटारवरचे तारांचा आवाज टिपणारे सिंगल कॉइल पिकअप मोटारीचा घूं आवाज ओढते, आणि लूपर तो प्रत्येक थरात भरतो. पहिल्या थराला ध्यानात येत नाही, चौथ्या थराला कुलरच वाजून राहिला असे वाटते. आणि लूप 'वाजतो' नका लिहू, 'वाजून राहिला' लिहा. आपल्याकडच्या बोलीत चालू राहण्याला इतका नेमका प्रयोग आहे, तो इथे नाही वापरायचा तर कुठे?

कानसेन

बोलीचा प्रयोग वर्गात बोलायला ठेवा, पान दुसऱ्या गावीही जाऊ शकते.

मिक्सरवाला

'लूप' शब्दाचे आणखी दोन वाटेकरी आहेत. ॲम्प्लिफायरच्या मागे सेंड-रिटर्नची जोडी असते, तिलाही इफेक्ट्स लूप म्हणतात. तिथे काहीही भरले जात नाही, आवाज बाहेर जाऊन पेडलमधून फिरून परत येतो. तिला 'वळसा' म्हणा. ॲम्पचे स्वतःचे डिस्टॉर्शन वापरत असाल तर डिले याच वळशात लावायचा. तिसरा ग्राउंड लूप. ॲम्प एका सॉकेटवर, मिक्सर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर, दोघांच्या अर्थिंगमधून प्रवाह फिरतो आणि घूं आवाज येतो. याला मराठी शब्द नसला तरी चालेल, उपाय मात्र मराठीत लिहा : सगळे एकाच बोर्डावर जोडा, नाहीतर डीआय बॉक्सचा (गिटार मिक्सरला जोडायच्या डबीचा) लिफ्टचा खटका वापरा. प्लगची अर्थिंगची जाड पिन कधीही काढू नका. आवाज जाईल, पण ॲम्पमध्ये बिघाड झाला तर गिटारच्या तारांना हात लावणाऱ्यालाच झटका बसेल.

कोरी_वही

आणि खुद्द 'पेडल'ला? पायपेटी?

काळी_चार

पायपेटी म्हणजे पायाने भाता मारायची हार्मोनियम, ती जागा भरलेली आहे. 'पायडल' सायकलचे आणि शिलाई मशीनचे, ते सतत मारावे लागते. हे एकदा दाबून सोडायचे. 'पेडल' राहू द्या. क्रियापदे तेवढी वेगवेगळी ठेवा : 'पाय मारा', 'दोनदा पाय मारा', 'पाय दाबून धरा'. बऱ्याच लूपरमध्ये पहिल्याने भरणे किंवा वाजवणे, दुसऱ्याने थांबणे आणि तिसऱ्याने वरचा थर पुसणे होते. पानावर तिन्हीला 'दाबा' लिहिलेत तर कार्यक्रमात कोणीतरी थांबवायच्या जागी थर पुसून बसेल.

ना_धिं_धिं_ना

थांबवण्याच्या ओळीत एवढे घाला : दोनदा पाय मारण्यातला दुसरा समेवर पडावा, पहिला त्याच्या अर्धी मात्रा आधी. तिहाईचा (तीनदा वाजवून समेवर आणायच्या तुकड्याचा) शेवटचा 'धा' हाताने, दुसरा पाय त्याच क्षणी. आधी रिकाम्या लूपवर दहा वेळा करून पाहायला सांगा, काही पेडलमध्ये पहिला पाय पडताच नवा थर भरायला सुरुवात होते.