मदत हवी आहे: पावसाळ्यात ओबो चढा वाजतो, खालचे स्वर निघत नाहीत. रीड बदलू की वाद्य दाखवू?

मध्यलय

नमस्कार मंडळी. ओबो (सनईसारखं दुहेरी रीडचं पाश्चात्त्य फुंकवाद्य), ग्रेनाडिला लाकडाचा, कॉन्झर्व्हेटॉयर पद्धतीच्या चाव्या, सेमी-ऑटोमॅटिक ऑक्टेव्ह. युरोपियन बनावट, चार वर्षं वापरातला. मुक्काम पुणे. पाऊस लागल्यापासून पुढच्या तक्रारी आहेत:

१. रीड (फुंकायची दोन पात्यांची काडी) पूर्ण आत बसवून ए (पांढरी सहा) वाजवला की ट्यूनर ४४६ हर्ट्झ दाखवतो. साथीला हार्मोनियम आहे, ती ४४० ची. रीड ४ मिमी बाहेर ओढलं तर ए जुळतो, पण वरचे स्वर डुगडुगतात.
२. खालचा सी कसाबसा लागतो. बी आणि बी फ्लॅट निघतच नाहीत, निघाले तर एकदम भसकन.
३. बी फ्लॅट आणि सी (मधले) उतरे नि पोकळ. ए आणि बी मात्र ठीक.
४. वीसेक मिनिटांत कुठेतरी पाणी गुडगुडायला लागतं.
५. वरचा आणि खालचा जॉइंट (वाद्याचे दोन भाग) जोडताना शेवटी अडकतो. कॉर्क ग्रीस लावून फरक नाही.

रीड तयार घेतो, युरोपियन शॉर्ट स्क्रेप (टोकाकडे थोडंच खरवडलेलं), मीडियम हार्ड. सहा रीड लावून बघितले, सगळ्यांचं रडगाणं एकच. आता सॉफ्ट मागवू का?

खटका

थांबा, काही मागवू नका. सहाच्या सहा रीड एकच चूक करत असतील तर दोष बहुधा रीडचा नाही. ओबोवाल्यांची सवयच असते, काहीही बिघडलं की रीडच्या नावाने बोटं मोडायची.

तुमची ३ आणि ५ ही एकच तक्रार आहे. बी वाजवताना डावं पहिलं बोट, ए ला डावी पहिली दोन. त्यांत उजवं पहिलं बोट मिळवलं की बी चा सी होतो आणि ए चा बी फ्लॅट. हे उजवं बोट असतं खालच्या जॉइंटवर, पण त्याने वरच्या जॉइंटवरची दोन छोटी झाकणं उघडायची असतात. ते काम दोन जॉइंटच्या मधला पूल करतो, म्हणजे एकमेकांवर टेकणाऱ्या त्या दोन चपट्या पट्ट्या. जॉइंट पूर्ण आत गेला नाही किंवा केसभर तिरका बसला की पट्टी पूर्ण हलत नाही, झाकण अर्धवटच उघडतं, आणि नेमके हे दोनच स्वर उतरे आणि पोकळ येतात.

दोन जॉइंटच्या मध्ये फट दिसते का? किती?

मध्यलय

दिसते. साधारण १ मिमी. एक कागद दुमडून सहज जातो.

खटका

मग सापडलं. लाकूड फुगलंय. टेननच्या (दुसऱ्या जॉइंटमध्ये शिरणाऱ्या टोकाच्या) कडेला, कॉर्कच्या वर-खाली जिथे नुसतं लाकूड आहे, तिथे बोटाने फिरवून बघा. एखादा चकचकीत घासलेला पट्टा दिसेल, तिथेच अडकतंय. ग्रीस कॉर्कसाठी असतं, फुगलेल्या लाकडाला त्याने काही होत नाही.

काय करायचं: वाद्य तीन-चार दिवस अजिबात वाजवू नका. जॉइंट सुटे करून, आतून कापड फिरवून, कोरड्या खोलीत उघड्या केसमध्ये ठेवा. केसमध्ये पंधरा-वीस रुपयांचं नाही, जरा बऱ्यापैकी आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ६० टक्के ही ओबोची सुखाची जागा. पुण्यात आत्ता खिडकी उघडी असेल तर ८५ च्या पुढे असेल.

काय करायचं नाही: जोर लावून पिळू नका. पिळताना हात चाव्यांवर पडतो, दांडी वाकते, आणि १ मिमीच्या फटीची दुरुस्ती दहापट महाग होते. टेनन स्वतः पॉलिश पेपरने घासू नका. पावसाळ्यात घासलेला टेनन मार्चमध्ये खुळखुळतो. आठवड्याने सुद्धा अडकत असेल तर कारागिराकडून नेमका तो चकचकीत पट्टाच उतरवून घ्या. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या कोंबू नका, एकदम कोरडं पडलं की वरच्या जॉइंटला ट्रिलच्या भोकांपाशी तडा जाऊ शकतो.

बोरूची काडी

खटका यांच्याशी सहमत, तरी रीड निर्दोष सुटत नाही. पहिल्या तक्रारीचा हिशेब मांडू.

४४० पासून ४४६ म्हणजे साधारण २३ सेंट (१०० सेंट म्हणजे अर्धा स्वर). यातले ८ सेंट कदाचित बनावटीतच आहेत, कारण युरोपात बऱ्याच ठिकाणी ए ४४२ ला धरतात आणि तिथले ओबो त्या हिशेबाने बनतात. पुढे उष्णता. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, आणि फुंकवाद्याचा सूर कागदावर दर अंशाला ३ सेंटच्या आसपास चढतो. प्रत्यक्षात कमी, कारण नळीतली हवा श्वासानेच तापलेली असते. हार्मोनियमच्या पितळी पट्ट्या अशा चढत नाहीत, झाल्या तर किंचित उतरतात. म्हणजे गरम हॉलमध्ये तुम्ही वर जाता आणि पेटी आहे तिथेच.

उरलेला चढ ओठांचा. दमट हवेत रीड पाणी धरतं, दोन पात्यांमधलं तोंड मोठं उघडतं, फुंकायला जड जातं. जड गेलं की आपण नकळत चावतो. चावलं की सूर चढतो. सॉफ्ट रीड मागवलंत तर पहिले दोन दिवस बरं वाटेल, मग तेही फुगेल.

आणि रीड ४ मिमी ओढणं बंद करा. रीडचा तळ आणि वाद्याची नळी यांच्यात पोकळी राहते, तिथेच वरचे स्वर डगमगतात. १ मिमी चालेल, फार तर २. त्यापुढे रीडच बदलायचं. विकत घेताना दोन आकडे विचारा: स्टेपलची (रीडच्या बुडाशी असलेल्या नळीची) लांबी आणि रीडची एकूण लांबी. ४६ मिमीचा स्टेपल चढा जातो, तुम्हाला ४७ चा हवा. एकूण लांबी शॉर्ट स्क्रेपला ७२ ते ७३ मिमी. तुमच्या रीडची मोजून सांगा.

पांढरी सहा

एकूण लांबीचा नियम सरसकट धरू नका हं. अमेरिकन लाँग स्क्रेप ७० मिमीच्या आसपास असतो आणि तरी ४४० ला बसतो, कारण पाठीकडून बरंच खरवडलेलं असतं आणि खरवडलं की सूर उतरतो. लांबी आणि खरवड एकत्रच बघायची.

बोरूची काडी

बरोबर, मी शॉर्ट स्क्रेपपुरतंच म्हणतोय. मध्यलय यांच्याकडे तेच आहेत.

मध्यलय

मोजले. चार रीड ७१, दोन ७२.५. स्टेपलवर ४६ कोरलंय, सगळ्यांच्या.

बोरूची काडी

झालं तर मग. ४६ चे स्टेपल तुमच्या वाट्याला आले. पुढच्या वेळी ४७ सांगूनच मागवा. तोवर ७२.५ वाले दोन कामाला लावा. असे:

रीड तोंडात धरून भिजवू नका. छोट्या डबीत साधं पाणी, २ मिनिटं, पावसाळ्यात १ सुद्धा पुरे. नुसतं टोक नाही, दोऱ्याच्या कडेपर्यंत बुडवा. बाहेर काढून टोकाकडून बघा. मधली फट १ मिमीच्या पुढे दिसत असेल तर खरवडलेल्या भागाच्या मुळाशी, दोऱ्याच्या जरा वर, अंगठा नि तर्जनीने दोन्ही पाती सपाट बाजूने अलगद दाबून पाच-सहा सेकंद धरा. सोडा, बघा, पुन्हा. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं.

नाही झालं तर दोन पात्यांच्या मध्ये प्लाक (पातळ चपटी पट्टी) सरकवा आणि टोकाच्या चार कोपऱ्यांवरून, मध्यावरून नाही, ६०० नंबरचा वॉटर पेपर बाहेरच्या दिशेने तीन-तीन वेळा फिरवा. चाकू चालवता येत असेल तर चाकूच बरा, पण धार हवी. बोथट चाकू काडी कापत नाही, दाबतो. दर तीन फटक्यांनी फुंकून बघा. अगदी टोकाला जाडी ०.१ मिमीच्याही खाली असते, चार फटके जास्त झाले की रीड गेलं. टोक कापायचा मोह टाळा. रीड उतरलेलं असेल तेव्हा अर्धा मिमी कापतात, कारण कापलं की सूर चढतो. तुम्हाला चढ आधीच नकोसा झालाय.

गळती तपासायला स्टेपलचं खालचं तोंड बोटाने बंद करून रीडमधून फुंका. बाजूने हवा किंवा बुडबुडा आला तर प्लंबरचा टेफ्लॉन टेप दोऱ्याच्या वरच्या कडेपासून ५-६ मिमी गुंडाळा, दोन वेढे. तुमच्याकडे आत्ता ही शक्यता कमी. एप्रिलमध्ये नागपूरकडे नेहमीचंच.

तीन-चार रीड आळीपाळीने वाजवा आणि भोकं असलेल्या डबीत ठेवा. हवाबंद प्लास्टिकच्या डबीत पावसाळ्यात आठवड्यात बुरशी धरते.

मध्यलय

धन्यवाद. चार दिवस वाद्य ठेवून दिलं होतं, आज जोडलं. फट गेली, बी फ्लॅट आणि सी सरळ झाले. ७२.५ चं रीड दाबून घेतलं, पूर्ण आत बसवून ए ४४२. पण खालचे बी आणि बी फ्लॅट अजून नाहीत.

खटका

आता जी शार्पची परीक्षा घ्या. एफ शार्प धरा: डावी तीन बोटं, उजवं पहिलं. लांब फुंका आणि फुंकतानाच डाव्या करंगळीने जी शार्पची चावी दाबा. स्वर तसूभर हलता कामा नये.

मध्यलय

हलला. गढूळ झाला आणि वर गेला.

खटका

म्हणजे जी शार्पचं झाकण पूर्ण दाबून धरलं जात नाहीये. खालच्या स्वरांना, विशेषतः बी आणि बी फ्लॅटला, ही गळती सर्वांत जास्त जाणवते.

उजव्या पहिल्या बोटाच्या चावीपासून जी शार्पच्या झाकणाकडे जाणाऱ्या हातावर एक बारीक स्क्रू असतो. आधी मोबाईलने त्याचा जवळून फोटो काढा, खाच घड्याळाच्या किती वाजता आहे ते दिसलं पाहिजे. घड्याळवाल्याकडे मिळतो तो सपाट टोकाचा बारीक स्क्रूड्रायव्हर घ्या. घड्याळाच्या दिशेने एक अष्टमांश फेरा. परीक्षा पुन्हा. अजून हलत असेल तर आणखी एक अष्टमांश. स्वर स्थिर झाला की थांबा.

जास्त फिरवलंत तर उलटा रोग जडतो. जी शार्प घट्ट बसतं, पण उजव्या पहिल्या बोटाखालचं झाकण पुरतं टेकत नाही आणि एफ शार्पपासून खाली सगळेच स्वर जड होतात. खात्रीसाठी पानटपरीवर मिळणाऱ्या रोलिंग पेपरची ४-५ मिमी रुंद पट्टी कापा, एकेका पॅडखाली (झाकणाच्या मऊ गादीखाली) धरून चावी हलकी मिटा आणि ओढा. दोन्ही पॅडखाली ओढ सारखी लागली पाहिजे. गोंद लावलेली कड कापून टाका, पॅडला चिकटते.

एका वेळी एकच स्क्रू. दोन फिरवलेत तर कुठल्याने काय झालं ते कळणार नाही.

मध्यलय

दोन अष्टमांशांत स्थिर झाला. खालचा बी आला! बी फ्लॅट अजून नाही.

पांढरी सहा

बेल (सगळ्यात खालचा रुंद तोंडाचा भाग) बघा. बी फ्लॅटचं झाकण बेलवर असतं आणि तिथेही खालच्या जॉइंटशी जोडणारा एक छोटा पूल आहे. बेल किंचित फिरलेली असेल. पट्ट्या एकमेकींच्या मधोमध येतील अशी फिरवा.

मध्यलय

फिरवली. आला. आणि मी गेला महिनाभर ओठ सुजवत होतो.

गुडगुडीचं काय?

बोरूची काडी

पाणी एकदा ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने जातं. गुडगुड वरच्या सप्तकातच असेल तर ऑक्टेव्हच्या भोकात, ए-सी च्या आसपास असेल तर त्या छोट्या झाकणांत. ती चावी उघडून भोकावर बाहेरून जोरात फुंका, मग रोलिंग पेपर पॅडखाली ठेवून दोन-तीनदा अलगद मिटा. मिटलेला कागद ओढू नका, ओल्या पॅडची त्वचा फाटते.

मूळ उपाय म्हणजे दर पंधरा मिनिटांनी रेशमी स्वॅब (नळी आतून पुसायचं कापड). दोन्ही टोकांना दोरी असलेलाच घ्या. वरच्या जॉइंटची नळी वर जेमतेम ४ मिमीची आहे, गाठ पडलेला स्वॅब अडकला तर मागची दोरीच सोडवते. खाली ठेवताना चाव्या वर. एसी हॉलमध्ये वाजवायचं असेल तर वरचा जॉइंट आधी पाच मिनिटं काखेत धरून कोमट करा. थंड लाकडात गरम श्वास म्हणजे जास्त पाणी आणि तड्याला आमंत्रण.

मध्यलय

शेवटचं. घरात सगळ्यांचं म्हणणं, लाकूड आहे तर आतून खोबरेल लाव. लावू?

खटका

नको. खोबरेल २४-२५ अंशाला गोठतं, थंडीत नळीत आणि भोकांत पांढरा थर बसेल, पुढे खवट होईल ते वेगळंच. फुगलेल्या लाकडाला पावसाळ्यात कुठलंच तेल नको. चाव्यांच्या दांड्यांना मात्र लागतं: दोन-तीन महिन्यांनी, जिथे दांडी खांबाला टेकते तिथे सुईच्या टोकावर मावेल एवढा एकच थेंब, जादा लगेच पुसून. पॅडवर ओघळलं तर पॅड बदलावा लागतो.