दिवसा डोळे मिटून बसणारा शॅमेलिऑन: डॉक्टरांकडे नेईपर्यंत घरी काय करावं?

प्रश्न

व्हेल्ड (veiled) जातीचा नर शॅमेलिऑन (झाडावर राहणारा पाळीव सरडा), वय १० महिने. चार दिवसांपासून भरदिवसा डोळे मिटून बसतो. फवारा मारला की एक डोळा किलकिला करतो, पुन्हा मिटतो. सहा दिवसांत दोनच रातकिडे खाल्ले. दोन आठवड्यांपूर्वी वजन १२४ ग्रॅम होतं, आज १०९ भरलं. विष्ठेचा पांढरा भाग नारिंगी झालाय आणि खडूसारखा कोरडा पडतो. श्वासाचा आवाज नाही, तोंड बंद असतं. पुढचा उजवा पाय मात्र नीट उचलत नाही.

पिंजरा काचेचा, ४५ × ४५ × ९० सेंमी, वर जाळी. जाळीवर उष्णतेचा बल्ब आणि शेजारी गोल यूव्हीबी (अतिनील किरणांचा) बल्ब, तो पहिल्या दिवसापासून तोच आहे. उष्णतेखालच्या फांदीवर ३५ अंश. दिवसातून एकदा फवारणी, तळाला पाण्याची वाटी. कॅल्शियम पावडर आठवड्यातून एकदा. डॉक्टरांची वेळ परवा सकाळची मिळाली आहे. तोवर सिरिंजने पाणी पाजू का? कोमट पाण्यात बसवू का?

उत्तर १

दोन्ही नको. श्वासनळीचं तोंड जिभेच्या बुडाशीच असतं. जबडा उघडून सोडलेलं पाणी फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो, आणि या अवस्थेत तो झेपणार नाही. पाण्यात बसवण्याचाही उपयोग नाही. हा झाडावरचा प्राणी आहे, कातडीतून त्याच्या शरीरात पाणी जात नाही, घाबरून उरलीसुरली ताकद तेवढी जाते. तळातली वाटी काढून टाका. साचलेलं पाणी तो सहसा ओळखत नाही. त्याला पानावरून ओघळणारा थेंब दिसावा लागतो.

नारिंगी युरेट (म्हणजे विष्ठेचा तो पांढरा भाग), मिटलेले डोळे आणि घटलेलं वजन यांवरून पाणी कमी पडलंय हे उघड आहे. म्हणून आधी पाणी, मग अन्न. सकाळी दिवे लागल्यावर अर्ध्या तासाने कोमट पाण्याची बारीक फवारणी सलग १० मिनिटं करा. बाटलीतून बाहेर पडताना पाणी गार होतं, त्यामुळे बाटलीत ते हाताला थोडं जास्त ऊन लागेल असं भरा आणि मनगटावर एकदा फवारून पाहा. तोंडावर थेट मारू नका, वरच्या पानांवर मारा. दुपारी आणि संध्याकाळी असंच. संध्याकाळची फवारणी दिवे मालवण्याच्या दोन तास आधी, म्हणजे पानं वाळतील.

दोन फवारण्यांच्या मध्ये ठिबक लावा. प्लास्टिकच्या पेल्याच्या बुडाला टाचणीने एक भोक पाडा, पेला जाळीवर ठेवा, दोन सेकंदाला एक थेंब या गतीने तो त्याच्यासमोरच्या पानावर पडू द्या. खाली भांडं ठेवून साचलेलं रोज ओता. तो पिऊ लागला की घसा हलताना दिसतो. तेव्हा दहा मिनिटं हलू नका आणि समोरून बघत उभे राहू नका. माणूस बघतोय हे कळलं की तो पिणं थांबवतो.

३५ अंश आजच कमी करा. वाळलेल्या जनावराला एवढी आच आणखी वाळवते. पाठीच्या उंचीवर, फांदीला बांधलेल्या प्रोबने (तापमापकाच्या तारेच्या टोकाने) मोजून २९ ते ३० ठेवा. काचेवर चिकटवलेली तबकडी काचेचं तापमान दाखवते, त्याच्या पाठीचं नाही. बल्ब उंच करा किंवा कमी वॅटचा लावा. खालचा भाग २३-२४ राहू द्या, रात्री पूर्ण अंधार. लाल बल्बही नको.

उत्तर २

पाण्याबद्दल वरचं सगळं बरोबर. माझं लक्ष त्या उजव्या पायाकडे आहे.

यूव्हीबी बल्ब दिसायला लख्ख असतो, पण सहा ते बारा महिन्यांत त्यातला उपयोगाचा भाग संपत आलेला असतो. गोल बल्बचा झोत मुळातच अरुंद. त्यात जाळी एक तृतीयांशाच्या आसपास अडवते. म्हणजे इतके महिने त्याला नाममात्र यूव्हीबी मिळाला आणि कॅल्शियम आठवड्यातून एकदाच. यूव्हीबीशिवाय शरीरात डी-३ जीवनसत्त्व बनत नाही आणि त्याविना कॅल्शियम अंगी लागत नाही. असं झालं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, साध्या पडण्यानेही हाड मोडतं. कातडीखाली ते बाहेरून कळत नाही, म्हणून डॉक्टरांना एक्स-रे काढायला सांगा. तोपर्यंत पाय दाबून बघू नका आणि त्याला फांदीवरून ओढून सोडवू नका. हात पुढे धरा, मागून हलकं बोट लावा, स्वतः चालत येऊ द्या.

पिंजऱ्यात आजच बदल करा. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या आडव्या फांद्या तळापासून २० सेंमीच्या आत लावा, तळाला घडी केलेला टॉवेल घाला आणि बल्ब त्या मानाने खाली आणून तापमान पुन्हा मोजा. अशक्त प्राणी रात्री झोपेत पडू शकतो. तीन बाजूंच्या काचा बाहेरून कागदाने झाका. स्वतःचं प्रतिबिंब त्याला दुसरा नर वाटतं.

यूव्हीबी दिवा म्हणून गोल बल्बऐवजी टी-५ एचओ प्रकारची लांब नळी घ्या, ६ टक्के किंवा ५.० लिहिलेली, पिंजऱ्याच्या रुंदीची. जाळीतून मोजून नळी आणि पाठ यांत २० ते २५ सेंमी अंतर. पण एकदम डी-३ची पावडर भरभरून देऊ नका, ते जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. खायला लागल्यावर डी-३ नसलेलं कॅल्शियम प्रत्येक खाण्याला चिमूटभर, डी-३ आणि मल्टिव्हिटॅमिन पंधरवड्यातून एकदा. मिटलेल्या डोळ्यांमागे ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते, पण त्याचे थेंब स्वतःच्या मनाने घालू नका. जास्त झालेलं ‘अ’ यकृतात साठतं आणि विषासारखं काम करतं.

खाणं जबरदस्तीने कोंबू नका. पाणी आणि ऊब नसेल तर पोटात गेलेला किडा पचत नाही, कुजतो. पांढरं युरेट दिसेपर्यंत थांबा, मग चिमट्याने एकच मऊ अळी समोर धरा. न खाल्लेले रातकिडे रात्री काढून टाका, झोपलेल्याला ते कुरतडतात.

उत्तर ३

डॉक्टरांकडे नेताना: ताजी विष्ठा झाकणाच्या डबीत, फ्रीजमध्ये, २४ तासांच्या आतली. जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) असतील तर त्यात सापडतात. दिव्यांच्या खोक्यांवरच्या आकड्यांचे आणि पिंजऱ्याचे फोटो. वजन रोज सकाळी एकाच वेळी, फवारणीच्या आधी, ग्रॅमच्या काट्यावर फांदीचं वजन शून्य करून. औषधाचा डोस वजनावरच ठरतो. इंजेक्शन द्यायची वेळ आली तर ते शरीराच्या पुढच्या भागात देतात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जातं. वाळलेल्या प्राण्यात हे विचारून घेतलेलं बरं.

नेताना हवेची भोकं असलेला खोका, तळाला टॉवेल, आत अंधार, २४ ते २६ अंश.

पण परवापर्यंत थांबायचं की नाही हे आज ठरवा. फांदी सुटून तळाला पडला, झटके आले, जबड्याच्या कडेला पिवळा पनीरासारखा पू दिसला किंवा तोंडात चिकट बुडबुडे आले तर आजच न्या.

प्रश्नकर्त्याची भर

दिवे लागल्यावर फवारणी केली, सातव्या मिनिटाला पानावरून प्यायला. आता बल्बखाली बसून तोंड उघडं ठेवलंय. हे श्वासाचं का?

उत्तर १

बल्बखालीच उघडतो आणि बाजूला गेल्यावर मिटतो असं असेल तर ती उष्णता आहे. प्रोब वाचा, बहुतेक अजून ३० च्या वर असेल. फांद्या खाली आणल्यावर बल्ब जास्त खाली आला असेल तर दहा सेंमी वर घ्या. गार जागीही तोंड उघडंच, मान वर ताणलेली आणि श्वासाला बारीक ‘टक’ असा आवाज असेल तर छातीत संसर्ग असू शकतो. मग संध्याकाळची फवारणी बंद, समोरचं दार जाळीचं करून हवा खेळती ठेवा आणि डॉक्टरांना आत्ताच फोन करून वेळ अलीकडे घ्या.