मदत हवी आहे: गेम लावला की २० मिनिटांत पीसी आपोआप रिस्टार्ट

नमस्कार मंडळी,

मी आणि धाकट्या भावाने मिळून पहिल्यांदाच घरी पीसी जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८+८ जीबी डीडीआर४ रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी आणि सेकंडहँड आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड. कॅबिनेट आणि ४५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जुन्या पीसीतलाच ठेवला, कारण तिथवर येईपर्यंत खिसा रिकामा झाला होता.

एरवीच्या कामाला काही त्रास नाही. व्हॅलोरंटसुद्धा तासन्‌तास चालतो. पण जीटीए ५ लावला की साधारण २० मिनिटांत स्क्रीन काळी, पंखे बंद, आणि दोन सेकंदांत पीसी आपला आपण परत चालू. ब्लू स्क्रीन नाही की एरर नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त कर्नल-पॉवर ४१, म्हणजे पीसी नीट शटडाउन न होता बंद पडल्याची नोंद, बगचेक कोड ०. म्हणजे विंडोजलाही पत्ता नाही कशाने गेलो ते.

विंडोज नव्याने टाकून झालं, ड्रायव्हर पुसून परत टाकले, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करून पाहिलं. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही एरर नाही. तापमानही ठीक वाटतं: प्रोसेसर ७४, कार्ड ६८. एकच गोष्ट लागू पडली. गेमला सेकंदाला ६० फ्रेमचं लिमिट लावलं, तर दीड तास सुरळीत चालला. फ्रेम कमी म्हणजे कार्ड वीजही कमी ओढतं.

त्यावरून डोक्यात किडा वळवळला आणि काल टॉर्च घेऊन एसएमपीएसचं स्टिकर वाचलं. वर ठळक ४५० वॉट, खाली बारीक अक्षरात +१२ व्होल्टपुढे १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट! कार्ड १३२ वॉटचं, प्रोसेसर जोर लावला की ७६ पर्यंत जातो. २०८ तिथेच झाले. उरलेल्या ८ वॉटांत पंखे आणि बाकी सगळ्यांनी भागवायचं? शिवाय कार्ड क्षणभर याहून बरंच जास्त ओढतं म्हणतात.

त्यात या एसएमपीएसला कार्डासाठी ८ पिनची वायरच नाही. कार्ड विकणाऱ्याने दोन मोलेक्समधून (जुन्या पद्धतीचे ४ पिनचे वीज कनेक्टर) ८ पिन करणारा कन्व्हर्टर दिला होता. तो काढून बघितला, तर एका मोलेक्सचं पांढरं प्लास्टिक पिवळ्या वायरपाशी तपकिरी पडलंय. नखाने खरवडलं तरी जात नाही.

भाऊ म्हणतो कार्डच खराब आहे, परत कर. टेस्टिंग वॉरंटी शनिवारी संपतेय, म्हणून घाई. माझा हिशोब बरोबर आहे का? नवा एसएमपीएस घेऊनही हेच झालं, तर कार्डही गेलं आणि पैसेही.

भर, रात्री ११: खाली दोघा-तिघांनी सांगितलं की आधी कोणाचा तरी एसएमपीएस मागून आणून बघा. मावसभावाचा ६५० वॉटचा आणला, ८ पिन थेट लावली, कन्व्हर्टर केराच्या डब्यात. लिमिट काढून दोन तास जीटीए चालवला. एकदाही बंद पडला नाही. कार्ड ठेवतोय. ५५० वॉटचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचं रेटिंग) असलेला घ्यावा म्हणतो, पुरेल ना? या वेळी आधी १२ व्होल्टचे अँपिअर बघेन.

आता दुसरी भानगड. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात, टेस्टर मंद पेटतो. मावसभावाचा एसएमपीएस लावूनही तेच. घर जुनं आहे, बोर्डातलं तिसरं भोक बहुधा नुसतं शोभेचं. हे अर्थिंगचंच ना? वायरमनला बोलावलंय, पण तो ‘उद्या येतो’ म्हणाला त्याला आज चौथा दिवस. तोवर आईने पीसीपुढे रबरी पायपुसणं टाकलंय आणि भाऊ चप्पल घालून गेम खेळतोय. एवढ्यावर चालवावा, की अर्थिंग होईपर्यंत बंदच ठेवू?