'फॉल्स अलार्म' : खोटा, चुकीचा की हूल?

कानामात्रा : त्या रात्री पहाऱ्यावर असलेले सोव्हिएत लष्करी अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यावरचा लेख मराठीत आणतेय. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी आधी एक, मग आणखी चार अमेरिकी क्षेपणास्त्रं सुटल्याचं कळवलं. पेत्रोव यांनी वरिष्ठांना 'यंत्रणेत बिघाड आहे' असं सांगितलं. मी 'खोटा इशारा' लिहिलं, संपादकांनी 'चुकीचा' केलं. खोटं नाणं चालतं, मग खोटा इशारा का नाही?

उंबरठा : खोट्यामागे लबाडी येते. इथे ढगांच्या माथ्यावरून उसळलेलं ऊन उपग्रहाला ज्वाळा वाटलं, लबाड कुणीच नव्हतं. माझी आजी 'हूल उठली' म्हणायची. तोच शब्द घ्या.

सांजवात : हूल तर मुद्दामच देतात! खेळाडू डावीकडे हूल देऊन उजवीकडे निसटतो.

उंबरठा : देतात ती वेगळी, उठते ती वेगळी. ३ जून १९८० ला इशारा देणाऱ्या संगणक यंत्रणेतली ४६ सेंटची एक चिप बिघडली, क्षेपणास्त्रं येताहेत असं दिसलं आणि अमेरिकेत बॉम्बर विमानांची इंजिनं सुरू झाली. ती हूल दिली कुणी? उठलीच ना?

रफार : 'अलार्म' आता मराठीच आहे. माझी बहीण अतिदक्षता विभागात नर्स आहे. बोटावरची क्लिप सरकली की 'अलार्म खोटा आहे' म्हणते, पण आधी पेशंटकडे बघते, मगच पडद्याकडे. तिथे 'हूल' म्हटलं तर कुणाला कळेल?

सांजवात : हे पेशंटकडे बघणं म्हणजेच तारतम्य. 'तर' आणि 'तम' यांतून आलेला शब्द, कमी-जास्त तोलणं. पाचच क्षेपणास्त्रांनी युद्ध कोण सुरू करेल, हा पेत्रोव यांचा विचार तसाच होता.

कानामात्रा : मूळ लेखात 'जजमेंट' आहे. मी 'प्रसंगावधान' घातलंय.

सांजवात : नको. प्रसंगावधान झटपट कृतीला शोभतं. इथे घाई न करण्याला मोल आहे.

उंबरठा : न करणं कसलं? फोनवर ठामपणे बिघाड सांगितला, तेही स्वतःला निम्मीच खात्री असताना. नंतर त्यांनीच तसं सांगितलं होतं.

कानामात्रा : मग तर 'चुकीचा'सुद्धा खटकतंय. फोन उचलला तेव्हा तो नुसता इशारा होता. रडारवर काहीच उगवत नाही हे मिनिटं सरल्यावर पक्कं झालं. विशेषण त्यानंतरच्या परिच्छेदात हलवते.

उंबरठा : हलवा. पण तिथे हूलच लिहा.