भाऊबीजेला आईसोबत कोणता जुना मराठी सिनेमा लावू?

ठाणेकर_ताई
भाऊबीजेच्या रात्री सगळ्यांनी मिळून एक जुना मराठी सिनेमा बघायचा, ही आमच्याकडे बाबांनी पाडलेली पद्धत. दूरदर्शनवर शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा, तेव्हापासूनची. ओवाळणं, जेवणं आटोपली की मधल्या खोलीत गाद्या घालायच्या आणि फराळाचे डबे मधोमध ठेवायचे. बाबा गेले, तरी आम्ही एकही वर्ष चुकवलेलं नाही.

आई आता ८३ वर्षांची आहे. डोळ्यांच्या आतल्या पडद्याच्या विकारामुळे तिला समोरचा चेहरा दिसत नाही, कडेकडेचं अंधुक दिसतं. कान मात्र अजून तल्लख आहेत. भाऊ जर्मनीहून येतोय, त्याची मुलं ९ आणि १२ वर्षांची. घरातलं मराठी त्यांना छान येतं, पण मागच्या खेपेला 'संत तुकाराम' लावला तर अर्ध्या तासात दोघं आतल्या खोलीत गेली. आई शेवटपर्यंत अभंग पुटपुटत बसली होती. तिच्या बाजूची गादी रिकामी राहिली, ते मला फार लागलं.

यंदा 'जगाच्या पाठीवर' मनात आहे, १९६०चा. आईचा जीव की प्राण. पण त्यात सीमाबाई आंधळ्या मुलीच्या कामात आहेत आणि 'जरी आंधळी मी तुला पाहते' हे गाणं आहे. आईसमोर ते लावायला मन धजत नाही. काय करू?

गिरगावकर
आधी टीव्ही बंद ठेवा आणि छोटा प्रोजेक्टर भाड्याने आणा. आमच्या चाळीत गणपतीत चौकात पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरं पडद्याच्या मागे बसायचो. तिकडून नावं उलटी दिसायची आणि हीरो डाव्या हाताने जेवायचा! मुलांना गच्चीवर चादर बांधायला लावा. चादरीला इस्त्री नक्की करा, नाहीतर नटीच्या गालावर घडी येते. स्वतः बांधलेल्या पडद्यासमोरून मुलं उठत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

कोथरूडची_काकू
मुलं आईंच्या दोन बाजूंना बसू देत. पडद्यावर काय चाललंय ते त्यांनी आजीला सांगायचं, आणि अडलेला शब्द आजीने त्यांना. माझ्या सासूबाईंची नजर गेल्यावर आम्ही असंच करायचो. सिनेमा तासभर लांबायचा, पण कुणी उठायचं नाही.

'संत तुकाराम'वर मात्र फुली मारू नका. १९३६चा प्रभातचा सिनेमा आहे, पण मुलांना थेट जिजाईपाशी न्या. आजारी मुलाला ओढत, हातात वहाण घेऊन ती देवळात पांडुरंगाला जाब विचारायला निघते, तिथे आमचा नातू ताडकन उठून बसला होता. आणि आईंना विचारा, 'आधी बीज एकले' कुणाचं? तुकोबांचं वाटतं, पण लिहिलंय शांताराम आठवल्यांनी, याच सिनेमासाठी.

ठाणेकर_ताई
काकू, हे शेजारी बसवण्याचं कसं सुचलं नाही मला! पण त्या गाण्याचं?

नाशिकचा_दादा
ताई, गाणं गाळून पुढे जाऊ नका. आईंना सिनेमा तोंडपाठ असणार, गाळलेलं त्यांना लगेच कळेल आणि का गाळलं तेही कळेल. ते जास्त लागेल. तुमच्या मनातलं त्यांना सरळ सांगा. शिवाय गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी हा सिनेमा अर्धाअधिक कानांनीच पुरा होतो.

ठाणेकर_ताई
आज दुपारी विचारलं. आई लसूण सोलत बसली होती, बोटांनी चाचपून एकेक पाकळी वाटीत टाकत होती. माझं बोलणं निम्म्यावर असतानाच म्हणाली, "आशाचं गाणं आहे ते. आवाज मोठा ठेव." मग थोड्या वेळाने, "धाकटा माझ्या उजवीकडे बसू दे, त्या बाजूने जरा दिसतं."

प्रोजेक्टर सांगून ठेवलाय. चादर बाबांची घेणार आहे, पांढरी, डबलबेडची.